विमानातील वीज आणि तिची साक्ष

मुंबईस जुहूच्या किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी उभे राहिले, म्हणजे थोड्या थोड्या वेळाने एखादे विमान डोक्यावरून समुद्राकडे झेपावताना दिसते. त्याचे तांबडे-हिरवे दिवे काही क्षण लुकलुकतात आणि मग तो प्रकाशाचा ठिपका काळोखात विरून जातो. आतील प्रवासी पट्टे बांधून स्वस्थ बसलेले असतात. कोणी डोळे मिटलेले असतात, कोणी वर्तमानपत्र उघडलेले असते. आपल्या खिडकीबाहेर आता आकाश व समुद्र यांना विभागणारी रेषाच उरलेली नाही, याची त्यांपैकी फारच थोड्यांना जाणीव असते. वर काळोख, खालीही काळोख. अशा वेळी विमान सरळ चालले आहे की एका अंगावर कलले आहे, हे वैमानिकाला सांगणारे एकच साधन असते, ते म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरील काचेआडचे कृत्रिम क्षितिज. आणि त्या साधनात जीव असतो तो विजेचा.

श्रोतेहो, या विजेचीच हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे. वीज विमानात कशी शिरली, तिने मनुष्याच्या हातातील सुकाणू हळूहळू आपल्या हाती कसे घेतले, आणि तिने दगा दिला असता मनुष्याने त्यापासून काय शिकून घेतले, असा हा इतिहास आहे. हे शिक्षण स्वस्तात झालेले नाही. त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी चुकविली गेली आहे, आणि त्यातील एक मोठा हप्ता आपल्या मुंबईच्या समुद्रात पडलेला आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विजेचा दगा दोन प्रकारचा असतो. कधी ती निघूनच जाते; दिवे विझतात, काटे जागच्या जागी थांबतात, आणि सर्वत्र अंधार होतो. दुसऱ्या प्रकारी ती जात नाही; दिवे तसेच तेवत राहतात, काटेही हलत राहतात, पण ते जे सांगतात ते खोटे असते. पहिला अंधार, दुसरी खोटी साक्ष. अंधार झाला की तो झाल्याचे निदान कळते तरी; खोटी साक्ष मात्र खऱ्याचाच पोशाख करून येते. विमानविद्येने पहिल्या संकटावर पुष्कळ लवकर उपाय शोधला. दुसऱ्याशी तिचा झगडा अद्याप संपलेला नाही.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन, अहमदाबादेस थांबून, आपले पुस मॉथ जातीचे लहानसे विमान जुहूच्या मैदानावर उतरविले, तेव्हा त्या विमानाचे पंख व शेपटी यांवरील फळ्या हलत होत्या त्या वैमानिकाच्याच हाताच्या व पायाच्या जोराने. हातातील दांडा व पायाखालील पट्टी यांपासून तारा निघत आणि त्या थेट त्या फळ्यांपर्यंत जात. इंजिनातील ठिणगी त्याच्याच अंगच्या मॅग्नेटोने पडे. अशा विमानातील सारी वीज नाहीशी झाली असती तरी ते उडतच राहिले असते. दिवसाउजेडी, खालची नदी व रेल्वेचा रस्ता पाहत जाणाऱ्या वैमानिकाला स्वतःचे डोळे हीच मुख्य साक्ष होती.

परंतु टपाल व प्रवासी केवळ दिवसा आणि निरभ्र आकाशातूनच नेऊन भागत नाही. ढगांत किंवा रात्री शिरले असता मनुष्याचे शरीर त्याला फसविते. आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. शरीर वळले की त्यांतील द्रव मागे राहतो आणि वळल्याची जाणीव होते. पण वळण सावकाश व एकसारखे चालू राहिले, तर तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. विमान एका अंगावर पुरते कललेले असताना वैमानिकाला आपण अगदी सरळ बसलो आहो असे वाटते. अमेरिकेचे जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे, झाकलेल्या कोठडीत बसून, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडविले, फिरविले व उतरविले. त्यांच्यापुढे स्पेरी यांनी तयार केलेले कृत्रिम क्षितिज होते. त्याच्या पोटात एक वेगाने फिरणारा भोवरा असतो. भोवरा वेगात असला की आपला आस सोडीत नाही, हे तर आपल्याकडील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. विमान कसेही कलले तरी आतील भोवरा खऱ्या क्षितिजाशी इमान राखतो आणि काचेवरील रेषा ते दाखविते. त्या दिवसापासून वैमानिकी शिक्षणाचा पहिला धडा ठरून गेला: आपल्या अंगाच्या संवेदनेवर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा.

धडा योग्यच होता. पण त्यातून एक नवाच प्रश्न जन्मास आला. आरंभी हे भोवरे हवेच्या झोताने फिरत. पुढे मोठ्या विमानांत ते विजेवर फिरू लागले. मग वीजच गेली तर?

या प्रश्नाचे उत्तर १८ जानेवारी १९६९ च्या संध्याकाळी मिळाले. युनायटेड एअरलाइन्सचे बोइंग ७२७ जातीचे विमान लॉस एंजेलिसहून डेन्व्हरला जावयास निघाले. विमानात तीन इंजिने व प्रत्येकावर एक जनरेटर अशी योजना होती. त्यांपैकी तिसरा जनरेटर आधीच नादुरुस्त होता. दोहोंवर उड्डाण करण्यास नियमांची मुभा होती. बाहेर अंधार पडलेला, आकाश ढगाळ. उड्डाणानंतर दोनच मिनिटांत पहिल्या इंजिनास आग लागल्याची सूचना मिळाली. वैमानिकांनी ते इंजिन बंद केले, आणि त्याबरोबर त्याचा जनरेटरही गेला. आता साऱ्या विमानाचा भार उरलेल्या एका जनरेटरवर पडला, आणि थोड्याच वेळात तोही बंद पडला. दिवे गेले, क्षितिज दाखविणारी यंत्रे गेली. बाहेर अंधार, आत अंधार. दोन इंजिने चालू असलेले, पंख व शेपटी शाबूत असलेले ते विमान आपले वर कोणते व खाली कोणते हे न समजून सांता मोनिकाच्या उपसागरात कोसळले. आत अडतीस माणसे होती. एकही वाचला नाही.

या अपघातानंतर अमेरिकेच्या सरकारने नियम केला की, मोठ्या प्रवासी विमानात एक राखीव क्षितिजयंत्र असावे आणि त्याची वीज जनरेटरांवर मुळीच अवलंबून नसावी. नियम दोन ओळींचा, पण त्याच्यामागे अडतीस माणसे उभी आहेत. अंधाराविरुद्धचा हा पहिला तट होय.

परंतु खोट्या साक्षीविरुद्ध हा तट कसा अपुरा पडतो, याचे प्रत्यंतर नऊ वर्षांनी आपल्याच दारी आले. १ जानेवारी १९७८. नववर्षाचा पहिला दिवस. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ नावाचे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझ विमानतळावरून रात्रीच्या पहिल्या प्रहरी दुबईकडे निघाले. या जातीचे हे भारतातील पहिले विमान. १९७१ साली ते आले तेव्हा मुंबईकरांना त्याचे कोण कौतुक वाटले होते! त्या रात्री त्यात १९० प्रवासी व २३ कर्मचारी होते. किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे विमान किंचित उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. पण मुख्य वैमानिकापुढील क्षितिजयंत्र मात्र उजवीकडे कललेलेच राहिले. ते बंद पडले असते, तर त्याला शंका आली असती. ते बंद पडले नव्हते. ते शांतपणे खोटे सांगत होते. त्यावर विश्वास ठेवून वैमानिकाने विमान सरळ करण्याकरिता डावीकडे वळविले. वस्तुतः सरळ असलेले विमान डावीकडे कलू लागले, आणि कलतच गेले.

कोठडीतील संभाषणाची मुद्रिते पुढे हाती आली. मुख्य वैमानिकाने आपले यंत्र बिघडल्याचे उद्गार काढले, तेव्हा सहवैमानिकाने आपलेही तसेच झाल्याचे सांगितले. बहुधा त्याचे यंत्र बरोबर असावे आणि ते विमानाचा खरा डावा कल दाखवीत असावे; पण दोन यंत्रे दोन भिन्न गोष्टी सांगू लागली की दोन्हीही खोटी वाटू लागतात. कोठडीत तिसरे, लहानसे राखीव क्षितिजयंत्रही होते. मागे बसलेल्या अभियंत्याने त्याकडे पाहण्यास वैमानिकाला सुचविले. पण तोवर वेळ निघून गेली होती. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांनी ‘सम्राट अशोक’ वांद्र्याच्या समोर समुद्रात शिरले. २१३ पैकी एकही माणूस परत आला नाही.

चौकशीने ठरविले ते असे की, आपल्यासमोरील यंत्र बिघडल्यामुळे वैमानिकाला विमानाच्या स्थितीची जाणीव राहिली नाही आणि त्याने चुकीच्या बाजूस सुकाणू फिरविले; इतर यंत्रांच्या आधाराने विमान सावरणे कर्मचाऱ्यांस साधले नाही. हा निर्णय खरा आहे. परंतु घरी, दिव्याच्या उजेडात, चहाचा पेला हाती घेऊन तो वाचणाऱ्या आपणांस हेही आठवावयास हवे की, यंत्रावर विश्वास ठेव हेच त्या माणसाला आयुष्यभर शिकविले गेले होते. आणि त्या धड्यात, दोन यंत्रांत वाद पडला तर निवाडा कोणी करावयाचा, हे तितक्याच जोराने सांगितले गेले नव्हते. तिसरा साक्षीदार तेथे हजर होता. त्याचे नाव पुकारण्यास क्षणभराचा उशीर झाला.

म्हणून या अपघाताचा धडा केवळ यंत्रापुरता नाही, माणसांपुरताही आहे. अभियंता बोलला, पण तो कनिष्ठ, वैमानिक ज्येष्ठ. कोठडीत कनिष्ठाने केव्हा व किती ठामपणे बोलावे, आणि ज्येष्ठाने ते कसे ऐकावे, याचे पद्धतशीर शिक्षण १९७८ साली कोठेच नव्हते. पुढल्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेच्या नासा या संस्थेने या विषयावर विचारविनिमय घडवून आणला, आणि १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांस तसे शिक्षण देण्यास आरंभ केला. आज जगातील बहुतेक विमान कंपन्यांत ते सक्तीचे आहे. आपल्या यंत्रावर नजर ठेवा, शेजाऱ्याच्या यंत्राशी ते ताडून पाहा, तिसऱ्याला विचारा, आणि तिसऱ्याचे ऐका, हा त्या शिक्षणाचा सारांश होय.

इकडे अंधाराविरुद्धचा तटही बळकट होत होता. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे नवेकोरे विमान ४१ हजार फूट उंचीवरून चालले असता त्याची दोन्ही इंजिने एकापाठोपाठ एक थांबली. कारण ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही: टाक्यांतील इंधनच संपले होते! इंधन मोजणाऱ्या विजेच्या यंत्रातील एका डाखाचे काम सदोष होते, म्हणून ते मापक मुके झाले. आणि मग हाताने हिशेब करताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला. जवळजवळ निम्मेच इंधन भरून विमान निघाले होते. इंजिने थांबताच जनरेटर थांबले आणि वैमानिकांपुढील नव्या तऱ्हेचे विजेचे पडदे काळे पडले. परंतु या वेळी अंधाराची तजवीज करून ठेवलेली होती. बॅटरीवर चालणारी मोजकी यंत्रे जागी होती. आणि विमानाच्या पोटातून एक लहानशी पवनचक्की बाहेर पडली. समोरून येणारा वारा तिला फिरवितो आणि तिच्या जोरावर पंख व शेपटी यांवरील फळ्या हलविण्यापुरती शक्ती मिळते. विमान घारीप्रमाणे तरंगत गिमली नावाच्या गावी, शर्यतींसाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरले. एकूणसत्तरही माणसे वाचली. १९६९ च्या अडतीसांचे ऋण त्या दिवशी अंशतः फिटले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि, या पवनचक्कीचीही एक मर्यादा आहे. ती शक्ती देते. उंची देऊ शकत नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन तुटून कोसळले. त्यातील २४२ पैकी एकच जण वाचला आणि जमिनीवरील एकोणीस माणसे गेली. प्राथमिक अहवालात नमूद आहे की, विमान वर चढत असतानाच ही पवनचक्की बाहेर पडलेली दिसत होती. चक्कीने आपले काम केले होते. परंतु गिमलीच्या विमानाखाली ४१ हजार फूट होते. या विमानाखाली काही शे फूटच होते.

आता या इतिहासातील सर्वांत मोठ्या स्थित्यंतराकडे वळतो. आतापर्यंत वीज वैमानिकाला केवळ खबर देत होती. सुकाणू फिरविण्याचा हुकूम मात्र पोलादी तारांतूनच जात होता. विमाने अवजड झाल्यावर त्या तारांच्या शेवटी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे बसविली गेली. बोइंग ७४७ मध्ये तर अशा चार स्वतंत्र शाखा आहेत. पण हुकूम तारेचाच. कॉंकॉर्ड विमानात हा हुकूम विजेने जाऊ लागला, तथापि जुन्या तारा राखीव म्हणून ठेविल्या होत्या. २५ मे १९७२ रोजी नासाचे वैमानिक गॅरी क्रायर यांनी एका लढाऊ विमानातून असे उड्डाण केले की, ज्यात हुकूम जाण्यास गणकयंत्र व वीज यांखेरीज दुसरा मार्गच नव्हता. ते गणकयंत्र चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतील जातीचे होते. १९८८ साली एअरबस ए-३२० हे विमान प्रवाशांच्या सेवेत आले आणि पुढील वर्षी ते आपल्या इंडियन एअरलाइन्सकडेही आले. त्यात वैमानिकाच्या हाताशी एक लहानसा दांडा असतो. तो दांडा फळ्यांना हलवीत नाही. तो गणकयंत्रांना आपली इच्छा कळवितो, आणि ती इच्छा तपासून गणकयंत्रे फळ्या हलवितात.

साहजिकच कोणी विचारील की, ज्या विजेने दोनदा असा घात केला, तिच्याच हाती सुकाणू देण्याचे धाडस कोणी कसे केले? उत्तर आपल्या गावगाड्यातच सापडते. पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. एका पंचाची चूक होईल, तो लबाड निघेल, आजारी पडेल. पण पाच जण मिळून सहसा चुकत नाहीत. ए-३२० मध्ये सुकाणूच्या कामी अशी सात गणकयंत्रे आहेत. एक थांबले की दुसरे पुढे येते. सारीच थांबली, तर शेपटीवरील फळी हलविणारे एक चाक व पायाखालील सुकाणू अजूनही तारांनीच जोडलेले आहेत, की ज्यांवर वेळ निभावून वीज परत आणता यावी. पण पंच एकाच घरचे असले, तर पाच असून एकच! सर्व गणकयंत्रे एकाच कारखान्याची व एकाच आज्ञावलीने चालणारी असली, तर तिच्यातील एक दोष सर्वांना एकाच क्षणी पाडील. म्हणून ए-३२० ची गणकयंत्रे मुद्दाम निरनिराळ्या जातींची केली. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७७७ मध्ये तर तीन मुख्य गणकयंत्रे, आणि प्रत्येकाच्या पोटात तीन निरनिराळ्या कारखान्यांचे मेंदू, अशी नवांची पंचायत बसविली.

एवढी तजवीज झाल्यावर खोट्या साक्षीचा प्रश्न सुटला असे वाटले असते. २००८ साल त्या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे, कारण ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या दोन विमानांवर त्या एकाच वर्षी दोन्ही संकटे आली. ७ जानेवारीस लंडनहून बँकॉकला येणाऱ्या बोइंग ७४७ विमानात स्वयंपाकघरातील पाणी वाहून नेणारी नळी बर्फाने तुंबली. पाणी जमिनीवर सांडले, झिरपले, आणि खालच्या विद्युत्‌यंत्रांवर ठिबकले. चारांपैकी तीन मुख्य विद्युत्‌शाखा गेल्या. चार जनरेटर म्हणजे चार आधार, असा हिशेब होता. पण त्यांची नियंत्रणे एकाच छताखाली होती आणि छत गळत होते. सुदैवाने दिवस होता, आकाश मोकळे होते आणि बँकॉक जवळ होते. ३६५ जण सुखरूप उतरले.

७ ऑक्टोबरची गोष्ट मात्र निराळी. सिंगापूरहून पर्थला जाणारे एअरबस ए-३३० विमान ३७ हजार फूट उंचीवर शांतपणे चालले असता एकाएकी त्याने आपले तोंड खाली केले. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. पट्टा न बांधलेली माणसे छतावर आदळली. ११९ जण जखमी झाले. वैमानिकांनी लर्मंथ येथे विमान उतरविले आणि सर्वांचे प्राण वाचले. झाले होते ते असे. विमानाचे नाक वाऱ्याशी किती कोन करून आहे, हे सांगणाऱ्या तीन साक्षी होत्या. त्यांपैकी एकीची खबर पोहोचविणारे यंत्र मधूनच भलतेच आकडे पाठवू लागले. असे भलते आकडे वगळण्याची युक्ती गणकयंत्रांत होती. एक आकडा आला की सव्वा सेकंदभर जुन्यावरच भिस्त ठेवावी, अशी ती होती. पण दुसरा खोटा आकडा नेमका तेवढ्याच अंतराने आला, आणि पंचायतीने तो खरा मानला. ‘सम्राट अशोक’मध्ये खोट्या साक्षीवर माणसाने विश्वास ठेविला, येथे यंत्राने ठेविला, आणि माणसाने विमान सावरले. भूमिका उलटल्या, रोग तोच.

याहून दुःखाची गोष्ट पुढेच आहे. तीन साक्षींची ही परंपरा इतकी रुजली असताना बोइंग ७३७ मॅक्स या विमानात नाक खाली करणारी एक स्वयंचलित योजना बसविली गेली, आणि ती एका वेळी एकाच साक्षीवर चालत होती. दुसरी साक्ष विमानाच्या दुसऱ्या अंगास हजर असून तिला कोणी विचारीत नव्हते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जावाच्या समुद्रात १८९ जण गेले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७ जण गेले. दोन्ही वेळा एका बिघडलेल्या कोनमापकाने खोटे सांगितले आणि यंत्राने पुनःपुन्हा नाक खाली दाबले. जगभर ती विमाने जमिनीवर बसविली गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने त्यांना पुन्हा परवानगी दिली तेव्हा मुख्य सुधारणा काय होती? यंत्राने दोन्ही साक्षी ताडून पाहाव्यात आणि त्या जुळल्या नाहीत तर स्वस्थ बसावे! वांद्र्याच्या समुद्रात चाळीस वर्षांपूर्वी लिहिला गेलेला धडाच हा. तो जगाने पुन्हा ३४६ माणसे देऊन वाचला.

मग या साऱ्या इतिहासापासून निराशच व्हावयाचे काय? मला तसे वाटत नाही. शेवटी एक अशी गोष्ट सांगतो, जिच्यात एकही माणूस मेला नाही, आणि म्हणूनच ती कोणाला फारशी ठाऊक नाही. २०१५ साली प्रयोगशाळेतील चाचणीत आढळून आले की, बोइंग ७८७ च्या जनरेटरांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रांत वेळ मोजणारा एक आकडा आहे, आणि वीज एकदाही बंद न करता २४८ दिवस चालू ठेविली, तर तो आपल्या मर्यादेबाहेर जातो. मग ते यंत्र आपला जनरेटर बंद करते. अशी चार यंत्रे. चारही एकाच वेळी सुरू केलेली असली, तर चारही एकाच क्षणी थांबतील, मग विमान जमिनीवर असो की समुद्रावर. एकाच घरचे चार पंच! पण या वेळी दोष उड्डाणाआधीच सापडला. अमेरिकेच्या सरकारने तात्काळ हुकूम काढला की, ठराविक दिवसांच्या आत विमानाची वीज एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी. कुठेतरी एका कारागिराने एक कळ दाबली, दिवे गेले, पुन्हा लागले. आणि जे व्हावयाचे होते ते झाले नाही. त्या कारागिराला हार घालावयास कोणी आले नसेल. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही.

श्रोतेहो, न मोडणारे यंत्र मनुष्याला करता आलेले नाही आणि येणारही नाही. त्याने करावयाचे ते एवढेच की, एक मोडले तर सर्व मोडू नये, आणि एक खोटे बोलले तर त्यास गप्प करणारे दुसरे दोन जवळ असावेत. ते दोन खरोखर निराळे असावेत. त्यांना वेळेवर विचारले जावे. आणि विचारल्यावर त्यांचे ऐकले जावे. यांतील पहिली गोष्ट अभियंत्यांची, दुसरी वैमानिकांची आणि तिसरी आपणां सर्वांची आहे. कारण एकाच साक्षीवर निकाल देऊन टाकण्याची घाई काही विमानाच्या कोठडीतच होते असे नाही.

पुढल्या वेळी रात्रीच्या विमानाने मुंबई सोडाल, तेव्हा किनारा मागे पडताच विमान किंचित उजवीकडे वळले, तर त्या क्षणी खिडकीबाहेर पाहा. काही दिसणार नाही. पण पुढच्या कोठडीत दोन माणसे त्याच वेळी तीन निरनिराळ्या काचांवरील तीन रेषा ताडून पाहत असतील. ती नजर त्यांना ज्यांनी शिकविली, त्यांतील २१३ जण तेथेच, खाली, त्या काळ्या पाण्यात आहेत.